दामू ओ देत नव्हता

दामू हरवला तेव्हा मी पाव खात होते. हे आधीच सांगून टाकते, कारण तोंडी सांगताना मी नेहमी डोंगरापासून सुरू करते, मग धुकं, मग जीप, मग अंधारायला लागलं वगैरे, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडून विचारते, "पण तू तेन्ना कितें करताली तें सांग." तर पाव खात होते. चण्याची सुकी भाजी भरलेला, गार होऊन चिवट झालेला पाव, आणि त्या वाऱ्यात चालता चालता तो मला इतका भारी लागत होता की शेवटचा तुकडा दामूला द्यावा म्हणून मी हातात धरला, मागे वळले, आणि मागे नुसतं पांढरं होतं. वाट नाही, दगड नाहीत, दामू नाही.

थांबा, नीट सांगते. हा आमचा पोर्तुगालचा काळ. आजोबा पोर्तुगीज अमलात जन्मले, त्यामुळे घरात ज्याला ज्याला जमलं त्याने तिकडचा पासपोर्ट काढला आणि बहुतेक सगळे तिथून पुढे लंडनच्या बाजूला गेले. मी आणि दामू पोर्तुगालातच राहिलो. दामू म्हणजे माझ्या काकांचा मुलगा, माझ्याहून थोडासाच मोठा, चोपड्याचा. मी पेडण्याची, बाजारातली, ऑफिसं आणि बसस्टँडच्या मधली, आणि तो नदीकाठचा, म्हणून मासे साफ करण्यापासून दोरीची गाठ मारण्यापर्यंत कशातही मी चुकले की तो मला "शारातली" म्हणायचा. पेडण्याला शहर म्हणणारा जगात तो एकटाच असेल. एका मोठ्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात सफरचंदं पेट्यांत भरायची शेड होती, तिथे आम्ही दोघं कामाला. तो फोर्कलिफ्ट चालवायचा, मी पट्ट्यावरून येणारी डागाळलेली फळं बाजूला काढायचे. घरात तिसरी मंगलताई, मयेची, चाळिशी ओलांडलेली, एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. तिथल्या म्हाताऱ्यांना दिवसभर गोड बोलून ती दमायची आणि घरी आल्यावर आम्हाला झापून मोकळी व्हायची.

आमची जागा बेकरीच्या वर. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघर एवढंसं की एक जण कांदा कापायला उभा राहिला की दुसऱ्याने फ्रिज उघडायचा नाही. पहाटे खाली भट्टी पेटली की आमची जमीन कोमट व्हायची, जिन्यातून पावाचा वास वर यायचा, आणि दामू पांघरुणातूनच पुटपुटायचा, पदेर आयलो. गावी पदेर पाव घेऊन सायकलवरून पोंपों करत दारात येतो, इथे आम्हीच पदेराच्या डोक्यावर राहत होतो. नळ सोडला की भिंतीतला पाइप गुरगुरायचा, इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा सारखी वाजायची, आणि मंगलताईचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे मयेच्या तळ्यावर आज किती टुरिस्ट आले, कुणाची गाय व्याली, हे आम्हाला घरबसल्या कळायचं. बेकरीवाली बाई वर आली आणि 'झनेला' म्हणाली की मंगलताई उठून जनेल लावायची, खिडकीला आमचाही तोच शब्द, शिकावाच लागला नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी तारल्यांचं हुमण, माशांची आमटी, ठरलेलं. तारले तिथे ढिगाने मिळतात, खोबरं फ्रीजरमधलं, सोलं दामूच्या आईने, काकीने, पाठवलेली. हुमण उकळायला लागलं की दामू सगळी जनेलं उघडायचा, शेजाऱ्यांना ठसका लागू नये म्हणून, आणि मंगलताई म्हणायची लागूं दी, त्यांच्या त्या वाळवलेल्या बाकालाव माशाचा वास आम्ही सोसतोच की.

त्या उघड्या जनेलातून डोंगर दिसायचा. मला त्याने अगदी वेड लावलं होतं. आमच्याकडचा डोंगर म्हणजे तांबडी माती, काजू, करवंदं, वर गेलं की एखादं देऊळ आणि मोबाईलचा टॉवर. हा करडा, उघडाबोडका, वर झाड नावाला नाही, नुसते हत्तीएवढे दगड, आणि थंडीत माथ्यावर बर्फ. रोज फळं निवडताना मी ठरवायचे, एकदा जायचं. शेवटी एका सुट्टीला तिघांचं जमलं. आदल्या दिवशी काकीला व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती अंगणात सुकी मासळी उलटत होती. ती म्हणाली, डोंगरार कोण रावता? मी म्हटलं, कोणूच ना गो काकी, मेंढरां आसात. त्यावर काकी म्हणाली, "मेंढरां पळोवपाक इतल्या पयस गेल्यात?" मेंढरं बघायला एवढ्या लांब, हे ऐकून दामू एवढा हसला की फोन पडला.

(आत्ता हे बाल्कनीत बसून टाइप करतेय आणि खाली म्हापशाची बस हॉर्न देत उभी आहे, कंडक्टर एकाच माणसासाठी थांबलाय, तो माणूस चहा पितोय. तिकडून आल्यावर पहिले काही दिवस हा गोंगाट सहन होईना. आता यानेच बरं वाटतं. शांतता मला त्या दिवसापासून आवडत नाही, का ते येईलच.)

सकाळच्या बसने वरच्या शेवटच्या गावापर्यंत गेलो, तिथून पायवाट. दगडांवर रंगाचे पट्टे मारलेले, ते बघत बघत जायचं. ऊन होतं, आभाळ निळंशार, माझे तर अर्ध्या वाटेवरच सगळ्यांना फोटो पाठवून झाले होते. मंगलताई गुडघ्याला पट्टा बांधून आमच्याहून पुढे, कारण तिचं म्हणणं थांबलं की गुडघा धरतो. दामू सगळ्यात मागे. तो चालताना बोलत नाही, नदीवरच्या माणसांसारखा इकडेतिकडे बघत चालतो. वर एका सपाट जागी, मोठ्या दगडाच्या आडोशाला बसून आम्ही जेवलो. पाव, भाजी, उकडलेली अंडी, फ्लास्कमधला चहा. खाली आमचं गाव एवढंसं दिसत होतं. दामू म्हणाला, आपली बेकरी दिसते का बघ, मी म्हटलं वास येतो का बघ. मंगलताईने पश्चिमेकडे बघून घाई सुरू केली, तिकडे एक ढग डोंगराला चिकटून बसला होता आणि तो तिला आवडला नव्हता. तर निघालो. मला अजून भूक होती म्हणून एक पाव हातात घेतला. थोडं खाली आल्यावर दामूने डोक्यावर हात लावला.

"टोपी थंयच उरली. तुमी फुडें चलात, हांव येतां."

मी म्हटलं बरं. वाट सरळ होती, जागा मागे दिसत होती, ऊन होतं. आम्ही रमतगमत चालत राहिलो. आणि तो ढग आला. मी धुकं म्हणजे आपलं सकाळचं समजत होते, शेतावर तरंगणारं, सूर्य वर आला की पळणारं. हे तसं आलंच नाही. डोंगराच्या एका बाजूने वर चढून ते एकदम आमच्यावर ओतलं, गार, ओलं, आणि त्याबरोबर वारा. मी वळले तेव्हा मंगलताई माझ्या हाताच्या अंतरावर होती तरी मला तिचा फक्त लाल स्कार्फ दिसत होता.

पहिल्यांदा आम्ही हसलो. खरंच. मंगलताई म्हणाली, रावूया, येतलो. थांबलो. तो येईना. मग आम्ही हाका मारल्या, दोघींनी एकदम, घसा फाटेपर्यंत, दामू दामू दामू, पण वाऱ्याने आवाज तोंडातून काढून घेतल्यासारखा जायचा. एकमेकींचा हात धरून पट्टे शोधत परत वर गेलो. जेवलो त्या जागी अंड्यांची टरफलं होती, टोपी नव्हती. म्हणजे तो इथे आला, टोपी घेतली आणि परत निघाला. मग आमच्या आणि या दगडाच्या मधे तो गेला कुठे? मधे तर फक्त एवढीशी वाट. त्याचा फोन लावला तर लागतच नव्हता. मंगलताईने माझ्याकडे बघितलं आणि एकदाही झापलं नाही. मंगलताई घाबरली की झापत नाही, गप्प होते.

इमर्जन्सीचा नंबर लागेपर्यंत मला वर-खाली पळावं लागलं, एका दगडावर उभं राहिल्यावर रेंजची एक काडी आली. माझं पोर्तुगीज म्हणजे शेडमधलं, डागाळलेलं, फुटलेलं, मोठं, लहान, लवकर. तेच शब्द वापरले. भाऊ, डोंगर, धुकं, लवकर. पलीकडची बाई शांतपणे एकेक विचारत होती आणि मला वाटत होतं हिला ओरडून सांगावं की बाई, आता प्रश्न नकोत.

मातीच्या रस्त्याने जीप आली तेव्हा उजेड पिवळट व्हायला लागला होता. अग्निशामक दलाची माणसं, त्यातला मोठा आर्मांदू, साठीला आलेला, पांढऱ्या मिशा, आणि बरोबर दोन तरुण पोरं. त्याने मंगलताईचा गुडघा बघितला आणि तिला जीपमध्येच बसवलं. मला म्हणाला तू चल, तुझा आवाज तो ओळखेल. मग नाव विचारलं. दामू. त्याने ते दोनदा पुटपुटून बघितलं, शेवटचा ऊ लांबवत. कपडे? निळं जॅकेट. पाण्याची बाटली? होती, बहुतेक. आजारी आहे? नाही. रागावून गेला? नाही हो, टोपी आणायला गेला. मग त्याने आभाळाकडे बघितलं, म्हणजे जिथे आभाळ असायला हवं तिथे, आणि त्या पोरांना काहीतरी म्हणाला. त्यातला मला एकच शब्द कळला, थंडी. अंधार पडायच्या आत सापडला तर ठीक, असा त्याचा अर्थ होता हे मला त्याच्या चालण्याच्या वेगावरून समजलं. दामूच्या अंगावर ते पातळ जॅकेट, आत टी-शर्ट, आणि चोपड्याच्या माणसाला थंडीचा अनुभव तो काय.

त्यांची शोधायची पद्धत अशी. सगळे एका ओळीत पसरायचे, एकमेकांच्या टॉर्चचा उजेड दिसेल एवढ्या अंतरावर. एकाने हाक मारायची, एकच, मोठी. मग सगळ्यांनी गप्प. अगदी श्वाससुद्धा हळू. बराच वेळ कान द्यायचा, कारण जखमी माणूस मोठ्याने ओरडू शकत नाही, कण्हतो, दगड आपटतो, ते ऐकू यायला हवं. काही नाही आलं की पुढे सरकायचं, मग दुसऱ्याने हाक मारायची. अगदी बरोबर पद्धत आहे, मी अजूनही म्हणेन. दामूऊ, आर्मांदूचा जाड आवाज जायचा. मग शांतता. मग डावीकडून एका पोराचा बारीक आवाज, दामूऊ. शांतता. मग मी. शांतता. मधेच शिटी. ती शांतता मी कुणाला कशी सांगू. प्रत्येक वेळी मला वाटायचं आता येईल, आता येईल, आणि धुक्यातून पाणी ठिबकण्याशिवाय काही यायचं नाही. मेंढ्यांच्या लेंड्या, ओलं गवत, दगड, दगडामागे दगड. एकदा निळं काहीतरी दिसलं म्हणून मी धावले, ती खताची फाटकी पिशवी होती. मी तिथेच उकिडवी बसले. आर्मांदूने हात धरून उठवलं. उजेड पिवळ्याचा राखाडी झाला होता. आम्ही त्याच दगडांच्या पट्ट्यातून एकदा वर आणि एकदा खाली जाऊन आलो होतो, आणि आर्मांदूने रेडिओवर बोलताना पहिल्यांदा खालच्या दरीचं नाव घेतलं. ती दरी मला सकाळी फोटोसाठी आवडली होती. तिथे कडा होता.

मग हे झालं. मी ओळीतून थोडी मागे पडले, बुटाची नाडी दगडात अडकली होती. धुक्यात आर्मांदूचा टॉर्च दिसेनासा झाला. आणि समोरून कुठून तरी हाक आली, "सिद्धी."

माझं नाव. एकदाच.

मी गप्प बसले. तोंड मिटून, नाडी हातात धरून, अंग आखडून. मला समजत होतं की हा आर्मांदू आहे, मला माहीत होतं, आणि तरीही जीभ उचलेना. पुन्हा हाक येईपर्यंत थांबायचं असं माझ्या अंगाने माझ्याआधी ठरवून टाकलं होतं. दगड सरकल्याचा आवाज आला, टॉर्च माझ्या तोंडावर, आणि आर्मांदू त्या दिवसात पहिल्यांदा चिडला. एक माणूस हरवलाय तेवढं पुरे नाही का, हाक मारली की उत्तर का देत नाहीस?

आणि मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण मला दामूचं काय झालंय ते कळलं होतं.

आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. डोंगरात, नदीवर, तिन्हीसांजेला तर नाहीच. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो, आणि पुन्हा. दुसरं जे काही असतं ते एकदा मारतं, फार तर दोनदा, तिसरी हाक त्याला मारता येत नाही. पेडण्यात आम्ही लहानपणी हे ऐकतो, घाबरतो, मोठे झालो की हसतो, आणि तरी कुणी संध्याकाळी मागून एकदा नाव घेतलं तर थोडं थांबतोच. पण दामूच्या घरात यावर कुणी हसत नाही. माझे काका चोपड्याला नदीवर मासे मारायचे. एका संध्याकाळी जेवायला बसायच्या वेळी पलीकडच्या काठावरून कुणीतरी त्यांना हाक मारली. एक हाक. कुणाला तरी या बाजूला यायचं असेल म्हणून त्यांनी दारातून ओ दिली आणि होडी काढली. होडी दुसऱ्या दिवशी खारफुटीत अडकलेली सापडली, आणि काका त्याच्या दुसऱ्या दिवशी. पलीकडच्या काठावर घरोघर विचारलं, कुणीच हाक मारली नव्हती. दामू तेव्हा दारातच बसला होता, त्याने ती ओ ऐकली होती. तेव्हापासून काकी त्याला कधीच एकदा बोलवत नाही, आणि तोही तीन झाल्याशिवाय बोलत नाही. मंगलताई त्याला स्वयंपाकघरातून एकदा हाक मारून थांबायची आणि मग भडकायची, बहिरो म्हणायची त्याला. तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी सांगतं कोण.

आणि आम्ही काय करत होतो? एक हाक, वेगळ्या आवाजात. मग शांतता. मग दुसऱ्या बाजूने एक हाक. मग शिटी.

हे पोर्तुगीजमध्ये कसं सांगायचं? डागाळलेलं आणि फुटलेलं याच्यात हे बसत नाही. मी आर्मांदूची बाही धरली आणि म्हणाले, इथून. एकाच जागेवरून. तीन वेळा. एकच आवाज. तो म्हणाला, का? मी म्हटलं, आमच्या घरी तसं. तो म्हणाला, ऐकू येत असेल तर तो एकालाही बोलेल. मी म्हटलं, नाही बोलणार. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं आता हा मला मंगलताईजवळ जीपमध्ये पाठवणार. मग त्याने घड्याळ बघितलं, रेडिओवर पोरांना थांबायला सांगितलं, आणि एका मोठ्या सपाट दगडाकडे बोट केलं. चढ म्हणाला.

मी चढले. वारा पडला होता. घसा इतका बसला होता की मला भीती वाटली, तिसऱ्यापर्यंत आवाज पुरेल की नाही.

"दामू."

काही नाही. आर्मांदू खाली उभा, टॉर्च जमिनीकडे. मी घाई करायची नाही असं स्वतःला सांगत होते. पहिली आणि दुसरी एकमेकींना चिकटली तर मोजायची कशी त्याने.

"दामू."

काही नाही. आणि या वेळची शांतता वेगळी होती की मलाच तसं वाटलं कुणास ठाऊक, पण मला वाटलं कुणीतरी ऐकतंय. किंवा कुणीच नाहीये, आणि मी ज्या वेळात कड्याकडे जायला हवं तो वेळ एका दगडावर उभी राहून घालवतेय. तिसरी हाक मारायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं, कारण हिला उत्तर आलं नाही तर पुढे काहीच उरत नव्हतं. मी डोळे मिटले.

"दामू."

"ओ."

जवळून. इतक्या जवळून की आर्मांदू दचकून मागे सरकला. आम्ही ज्या दोन दगडांच्या मधून वर गेलो आणि खाली आलो, त्यांच्याच पलीकडच्या फटीत, खाली, दगडाच्या पोटात. मी दगडावरून उडी मारून खाली आले तोवर आर्मांदू गुडघ्यांवर बसून फटीत टॉर्च मारत लहान मुलाशी बोलावं तसं दामूशी बोलायला लागला होता.

टोपी घेऊन येताना ढग आला, पट्टा दिसेना, एक पाऊल चुकलं आणि तो त्या फटीत घसरला. पाय घोट्यात मोडून दोन दगडांच्या मधे अडकला, फोन आणखी खाली गेला. आमच्या पहिल्या हाका वाऱ्यात त्याच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. पण नंतरच्या पोचल्या. सगळ्या. मी फटीच्या तोंडाशी पालथी पडून त्याचा हात धरला तर तो बर्फासारखा, आणि त्याच्या दुसऱ्या हातात टोपी होती, लोकरीची, ओली, एका बाजूने चावून चावून भोकं पडलेली. मला आधी कळलंच नाही. मग कळलं की ओ निसटून जाऊ नये म्हणून त्याने ती तोंडात कोंबून धरली होती.

मी त्याला मारणार होते. खरंच, पाय मोडलेल्या माणसाला. मी म्हटलं, ऐकत होतास तू?

"आयकतालों."

मग?

"एकेक हाक येताली. दर खेपे वेगळ्या कुशीन." त्याचे दात वाजत होते. "हांगाच्या डोंगराक माझें नांव कोणें सांगलें, सिद्धी?"

मी म्हटलं, अरे माझाही आवाज होता ना त्यात. तर म्हणाला, तुझ्या आवाजाला तर सगळ्यात जास्त भ्यालो. आपल्या माणसाचाच आवाज घेऊन येतं ते. मी त्याचा हात चोळत राहिले. त्याला बाहेर काढेपर्यंत पोरांनी दोर लावले, पहार लावली, आर्मांदूने आपलं जॅकेट काढून त्याच्यावर टाकलं. जीपमध्ये मंगलताईने दामूला बघितलं आणि तिला पुन्हा झापायची शक्ती आली, फ्लास्कमधला उरलेला गार चहा त्याला पाजत ती खाली हॉस्पिटल येईपर्यंत बोलत होती. उतरताना आर्मांदूने मला विचारलं, तीनच का? मी म्हटलं, तिसरी फक्त माणसालाच मारता येते. त्याने मान हलवली. त्याला किती कळलं माहीत नाही, माझं पोर्तुगीज ते.

हॉस्पिटलात एक्स-रेसाठी नर्सने दारातून दामूचं नाव घेतलं. तो गप्प. तिने पुढचा कागद उचलला. मीच धावत गेले, म्हटलं आहे, आहे, हाच तो.

काकीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, प्लास्टर झाल्यावर. चोपड्याला तेव्हा दुपार होती. ती पाठच्या दारी मासे साफ करत बसली होती, फोन कशाला तरी टेकवलेला, मागे नदीचा तुकडा दिसत होता. मी सगळं सांगितलं. पडला, पाय, धुकं, हाका. टोपीचंही सांगितलं. खरं तर मला वाटत होतं ती त्याला दोन शब्द सुनावेल, अरे पोरा, जीव गेला असता की. पण तिने हातातला मासा खाली ठेवला. खवल्यांनी भरलेले हात तसेच मांडीवर.  मग म्हणाली, ताका दाखय.

मी फोन फिरवला. दामू उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, गाल फाटलेले. काकीने त्याला बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"दामू."

"ओ," दामू म्हणाला. लगेच. तिचा ऊ पुरा व्हायच्या आधी.

काकीचा खवल्यांचा हात तोंडावर गेला. दामूही गोठला. मी फोन धरून मधे उभी, एकदा त्याच्याकडे बघतेय, एकदा तिच्याकडे. एक हाक आणि एक ओ, इतक्या वर्षांत त्या दोघांमध्ये पहिल्यांदा. मागे नदी होती तशीच होती, कुणाच्या तरी इंजिनच्या होडीचा आवाज येऊन गेला. कॉरिडॉरमधून जेवणाची गाडी गेली. दोघं एकमेकांकडे बघत थांबले, काही होतंय का ते.

काही झालं नाही.

काकीने हात खाली घेतला, लुगड्याला पुसला आणि विचारलं, "पाय खंयचो? उजवो काय दावो?"

"दावो," दामू म्हणाला.